गाडीला ॲल्युमिनियमचे पेडल घरी बनवताय? पत्रा कापण्याआधी हे वाचून घ्या

वसई : भातलावणीच्या दिवसांत शेतावरून थेट गाडीत बसणाऱ्याच्या पायाला चिखल असतो, चप्पल ओली असते. त्यात क्लच आणि ब्रेकवरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं असलं, तर पाय घसरायला वेळ लागत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरपेक्षा जास्त पुढे जाते. ब्रेकवरून घसरलेला पाय परत जागेवर आणायला अर्धा सेकंद लागला, तरी तेवढ्यात गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. दोन इको गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तरी एवढं अंतर होत नाही.

झिजलेल्या रबरावर तोडगा म्हणून आणि थोडं हौसेपोटीही, तरुण मुलं आता ॲल्युमिनियमचे पेडल लावायला लागली आहेत. बाजारात तयार सेट मिळतात, पण वसईत लोकांना हे घरी करून बघायचा मोह होतो आणि त्याला कारणही आहे. वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार या पट्ट्यात लहान इंजिनिअरिंग गाळे भरपूर आहेत. आसपासच्या गावांतल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी लेथवर, ड्रिलवर किंवा प्रेसवर काम करतं. पत्र्याचा तुकडा मिळतो, हातही बसलेला असतो. मग अडचण कुठे येते, तर तीन पेडलपैकी कुठल्याला हात लावायचा आणि कुठल्याला नाही, इथे.

तिन्ही पेडल सारखे नसतात

ॲक्सिलेटरचं आधी बोलू, कारण तिथलं उत्तर सरळ आहे. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत ॲक्सिलेटर प्लॅस्टिकचा असतो आणि त्याच्या वरच्या डब्यात सेन्सर असतो. पाय किती दाबला ते तो वायरीने इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो. या प्लॅस्टिकला भोक पाडलं की ते तडकतं, आणि स्क्रू त्यात फार दिवस धरून राहत नाही. निघालेला पत्रा पेडलवरून सरकून बाजूच्या ट्रिममध्ये किंवा पायपुसण्यात अडकला, तर ॲक्सिलेटर दाबलेलाच राहतो. ही नुसती भीती नाही. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत टेस्ला कंपनीला सायबरट्रक ही ३,८७८ वाहनं याच कारणासाठी परत बोलवावी लागली. ॲक्सिलेटरवर बसवलेली धातूची पट्टी निसटून वरच्या ट्रिममध्ये अडकू शकत होती. कारण काय निघालं, तर जुळणी करताना पट्टी सहज सरकावी म्हणून साबण लावला होता. एवढ्या मोठ्या कारखान्यात हे होतं, तर पडवीत बसून डबल टेपने चिकटवलेल्या पत्र्याचा काय भरवसा? तेव्हा ॲक्सिलेटर आहे तसाच ठेवावा.

क्लच आणि ब्रेकचं तसं नाही. त्यांचा दांडा आणि पायाखालची पाटी बहुतेक गाड्यांत लोखंडी असते, त्यावर रबराची टोपी चढवलेली असते. ही टोपी काढून पाटीवर ॲल्युमिनियमची प्लेट बोल्टने बसवता येते. तरी ब्रेक हा ब्रेक आहे. मोटारींच्या ब्रेकची चाचणी घेताना पेडलवर ५०० न्यूटनपर्यंत जोर धरतात, म्हणजे साधारण ५० किलो वजन. समोर अचानक म्हैस आडवी आली की घाबरलेला माणूस याहून जास्त जोराने पाय मारतो. तुमची प्लेट तेवढं सोसून जागेवर राहिली पाहिजे. ज्याने आधी असं काम केलेलं नाही त्याने पहिला हात डावा पाय टेकवायच्या जागेवर मारावा. तिथे चूक झाली तरी गाडी थांबायची राहत नाही. त्यानंतर क्लच. ब्रेक सगळ्यात शेवटी, तोही काम जाणणाऱ्या मेकॅनिकला दाखवून.

पत्रा कोणता घ्यायचा

भंगारवाल्याकडे ॲल्युमिनियम किलोवर मिळतं, पण सगळं ॲल्युमिनियम एक नसतं. खिडकीच्या सेक्शनला जे वापरतात त्याला व्यापारी एचई ९ म्हणतात, ते त्यातल्या त्यात मऊ. एचई ३० त्याहून कडक. पेडलसाठी एचई ३० ची किंवा ६०६१ ग्रेडची ४ मिलिमीटर जाडीची सपाट प्लेट चांगली. मात्र ही प्लेट वाकवायला जाऊ नका. कडक केलेला माल काटकोनात वाकवला की वाकाच्या जागी तडा जातो. तो कधी लगेच दिसतो, कधी दिसतही नाही. पाटीला थोडा बाक असेल तर प्लेट मागून कानशीने घासून बसती करावी.

वजनाची काळजी करायचं कारण नाही. साधारण ६० बाय ५० मिलिमीटरची, ४ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची प्लेट ३२ ग्रॅम भरते. तीच लोखंडाची केली तर ९४ ग्रॅम. कोणी भारी दिसावं म्हणून १० मिलिमीटरचा स्टीलचा ठोकळा लावतात, तो नको. पेडल पूर्ण वर आला की त्याच्या मागचं ब्रेक लाइटचं स्विच बंद होतं. पेडल जड झाला आणि स्प्रिंग आधीच थकलेली असली, तर तो पुरता वर येत नाही आणि मागचा लाल दिवा लागलेलाच राहतो. मागच्या गाडीवाल्याला मग खरा ब्रेक कधी मारला ते कळत नाही.

आता वितळवण्याबद्दल. जुने पिस्टन, डबे, फ्रेमचे तुकडे घरच्या भट्टीत वितळवून साच्यात पेडल ओतायचे, असे व्हिडिओ फोनवर फिरत असतात. बघायला मजा येते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, कोळशाच्या भट्टीला भाता लावला की तेवढी धग मिळते, हे खरं. पण वितळलेला धातू ओल्या जमिनीवर किंवा ओल्या साच्यात पडला, तर पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि तप्त धातू चारी दिशांना उडतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जमीन कोरडी असते तरी कुठे! शिवाय घरी ओतलेल्या मालात आत हवेची पोकळी राहते, ती वरून दिसत नाही आणि नेमकी जोर पडल्यावर तुटते. पायाखालच्या कामाला ओतीव माल वापरूच नये. वेल्डिंगचंही तसंच. ॲल्युमिनियम लोखंडाला नेहमीच्या वेल्डिंगने जोडता येत नाही, आणि कडक प्लेटला उष्णता लागली की ती वेल्डजवळ मऊ पडते.

कापणं, भोकं, बोल्ट

रबराची टोपी काढून तिच्या खालच्या लोखंडी पाटीचा आकार पुठ्ठ्यावर उतरवा. प्लेट त्याच आकाराची ठेवा. डावीकडे, उजवीकडे एक सूतही जास्त नको. रेसिंगवाले ब्रेक आणि ॲक्सिलेटर मुद्दाम जवळ आणतात, कारण त्यांना एकाच पायाने दोन्ही सांभाळायचे असतात. गमबूट घालून गाडी चालवणाऱ्याला तेच अंतर कमी झालं तर ब्रेक मारताना बुटाची कड ॲक्सिलेटरवर पडेल.

प्लेट हॅक्सॉने कापता येते. बारीक दात ॲल्युमिनियममध्ये भरून बसतात म्हणून जाड दातांचं ब्लेड घ्या. कानस भरू नये म्हणून तिच्यावर खडू घासायची जुनी युक्ती इथे चांगली चालते. भोक पाडताना ड्रिलच्या टोकावर रॉकेलचे दोन थेंब सोडले की चुरा चिकटत नाही, अर्थात जवळ विडी-सिगारेट नको. प्लेट हातात धरून कधीच ड्रिल करू नका. बिट आरपार निघताना अडकतो, प्लेट पंख्यासारखी फिरते आणि बोटं कापते. वाईसमध्ये दोन लाकडी फळ्यांमध्ये धरा, डोळ्यांवर चष्मा लावा.

बोल्ट स्टेनलेसचे, ५ मिलिमीटरचे, चपट्या डोक्याचे घ्या. भोक साडेपाच मिलिमीटरचं पाडा आणि वरून खोलगट करा, म्हणजे डोकं प्लेटच्या आत बसेल आणि चपलेला लागणार नाही. ४ मिलिमीटर प्लेट घ्यायला सांगितली ती यासाठीच, पातळ पत्र्यात डोकं बसायला जागा उरत नाही. प्रत्येक पेडलला निदान तीन बोल्ट आणि मागून आत नायलॉनची कडी असलेले नट, ज्यांना नायलॉक म्हणतात. साधा नट इंजिनच्या थरथरीने सुटतो. लोखंडी पाटीला भोक पाडताना दांड्याच्या वेल्डिंगपासून लांब राहा. दांड्याला तर भोक पाडायचंच नाही. प्लेट आणि पाटीच्या मध्ये ट्यूबचा तुकडा घालायची सवय कित्येकांना असते, तीही टाळा. रबर दबतं आणि नट ढिला होतो.

अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या किनाऱ्याच्या गावांत आणखी एक त्रास आहे. खाऱ्या दमट हवेत ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकून राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, जोडावर पांढरी भुकटी दिसायला लागते. भोकं पाडून झाल्यावर लोखंडी पाटीवर प्रायमर मारा, तो पूर्ण वाळू द्या, मगच प्लेट बसवा. पाटीला पाडलेल्या भोकांच्या आतही ब्रश फिरवा, गंज तिथूनच धरतो.

चकाकी नको, खरखर हवी

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम फोटोत छान दिसतं, पण ओल्या चपलेला ते झिजलेल्या रबराहूनही वाईट. कंपनीच्या स्पोर्ट मॉडेलमध्ये धातूचे पेडल असतात, पण त्यांच्यातून रबराची बटणं वर आलेली असतात. पाय टेकतो तो रबरावर, धातू फक्त दिसायला असतो. घरी तसं जमवणं कठीण. त्यापेक्षा तिकोनी कानशीने आडवे-उभे चर पाडा, पाच-पाच मिलिमीटरवर, मिलिमीटरभर खोल. चराच्या कडा पॉलिश पेपरने बोथट करा. अनवाणी गाडी चालवणारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यांचे तळवे सोलून निघायला नकोत. जिन्याच्या पायऱ्यांना लावतात ती खरखरीत पट्टी चिकटवली तर पकड येते, पण चिखलात तिची कड लवकर उचकटते.

प्लेट बसवल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल हाताने आणि पायाने शेवटपर्यंत दाबून बघा. नट किंवा बोल्टचं टोक कार्पेटला, वायरीला, शेजारच्या दांड्याला लागतं का ते पाहा. मॅट पुढे सरकवून परत दाबा. मॅटखाली अडकलेल्या ॲक्सिलेटरमुळे २००९ मध्ये टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. मग ब्रेक सगळा जोर लावून अर्धा मिनिट दाबून धरा आणि मागचा दिवा पेडल सोडल्यावर विझतो का हे दुसऱ्याला बघायला सांगा.

आरटीओ काय म्हणतं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू घेतली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पेडलवरच्या प्लेटचा आरसी बुकात उल्लेख नसतो हे खरं, पण ब्रेक हा सुरक्षेचा भाग आहे. टेम्पो, मॅक्सी कॅब अशा पासिंगला जाणाऱ्या गाड्यांनी या भानगडीत पडू नये. खासगी गाडीवाल्यानेही काम करण्याआधी विमा कंपनीला विचारून ठेवावं, नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी हाच मुद्दा काढला जाऊ शकतो.

पाय पोचत नाही म्हणून पेडलवर लाकडी ठोकळा बांधणारेही गावात दिसतात. तो उपाय ॲल्युमिनियमने करू नका आणि लाकडानेही नको. अपंगत्वामुळे गाडीत बदल करायचा असेल तर कायद्यात त्याची वेगळी सोय आहे आणि ते काम आरटीओमार्फतच करायचं असतं.

आणि ज्याला फक्त पाय घसरू नये एवढंच हवंय, त्याने यातलं काहीच करायची गरज नाही. आपल्या मॉडेलची क्लच-ब्रेकची नवी रबरं स्पेअर पार्टच्या दुकानात प्लेट आणि बोल्टपेक्षा स्वस्तात मिळतात आणि पाच मिनिटांत हाताने चढतात. महामार्ग ४८ वरच्या कोंडीत तासन् तास क्लच दाबणाऱ्यांचं क्लचचं रबर आधी झिजतं, तेव्हा दरवर्षी मिरग लागायच्या आधी एकदा खाली वाकून तेच बघावं. प्लेट लावलेली असेल तर पहिल्या पंधरवड्यात दोनदा आणि पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला नट पान्याने तपासून घ्यावेत.