ढिगाऱ्याखालचा श्वास कुणाचा?

30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे. गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. 6.2 तीव्रतेच्या भूकंपाने किल्लारी परिसरातली दगडमातीची घरं बसली आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. किल्लारी कर्नाटकातल्या बसवकल्याणपासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरांच्याही आत आहे. कोहिनूर गावासह महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या या साऱ्या पट्ट्यात जुन्या घरांचा घाट एकच: जाड भिंती, वर माळवद आणि त्याच छताखाली एका बाजूला गोठा. असं घर पडलं, की माणूस आणि जनावर एकाच मातीखाली सापडतात.

अशा ढिगाऱ्यातला जिवंत माणूस शोधायला आज रडार मदतीला येतं. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने ‘फाइंडर’ नावाचं, सुटकेसएवढं यंत्र तयार केलं. 2015 च्या भूकंपानंतर नेपाळमधल्या चौतारा गावी या यंत्राने हृदयाचे ठोके टिपले आणि सुमारे 10 फूट ढिगाऱ्याखालून चौघांना जिवंत बाहेर काढता आलं.

यामागचं तत्त्व साधं आहे. यंत्र क्षीण सूक्ष्मतरंग सोडतं. दगडावरून परतणारा तरंग दर वेळी जसाच्या तसा येतो. श्वास घेणाऱ्या छातीवरून परतणारा किंचित मागेपुढे होतो. श्वासाने छाती काही मिलिमीटर हलते, ठोक्याने मिलिमीटरभरही नाही. तरंगाची लांबी 10 सेंटीमीटर धरली, तर अर्ध्या मिलिमीटरच्या हालचालीने जाण्यायेण्याच्या वाटेत पडणारा फरक त्या लांबीच्या शंभराव्या भागाइतका असतो. न बदलणारं सगळं वजा करून संगणक तेवढाच फरक वेगळा काढतो.

पण हा श्वास कुणाचा? स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचं हृदय मिनिटाला 60 ते 100 वेळा धडधडतं, श्वास 12 ते 20 होतात. मांजराचे ठोके 140 च्या पुढे असतात, कोंबडीचे 250 च्याही वर. हे लगेच ओळखू येतात. अडचण गाईची आणि शेळीची. त्यांचे ठोके माणसाच्याच पट्ट्यात पडतात. शिवाय घाबरलेल्या, जखमी माणसाची नाडीही नेहमीची राहत नाही. म्हणून ठोक्यांबरोबर श्वासाचा वेग, त्याची लय आणि छातीची हालचाल किती मोठी, हे सारं एकत्र पडताळावं लागतं.

2024 मध्ये वायनाडच्या दरडीनंतर रडारला श्वासाची खूण मिळाली होती. खूप खोदूनही माणूस सापडला नाही. तो एखादा प्राणी असावा, असा अंदाज निघाला. जनावराचा जीवही जीवच आहे. पण हात मोजके आणि घटका थोड्या असताना आधी कोणता ढिगारा उपसायचा, हे ठरवावंच लागतं.

यंत्राला मर्यादाही आहेत. ओली माती तरंग शोषून घेते, पत्रा ते परतवतो. मातीचं घर बसलं, की आत हवेची पोकळीही फारशी उरत नाही, त्यामुळे रडार जितकं लवकर पोहोचेल तितकं उपयोगाचं. सीमेवरच्या गावांसाठी ते लातूर, बिदर, कलबुर्गी इथेच सज्ज असायला हवं. भूकंप राज्याची हद्द पाहत नाही.

गावकऱ्यांनीही एक गोष्ट शिकून ठेवावी. रडार सुरू असताना जवळ कुणी हललं, तर त्याचीच हालचाल यंत्रात उमटते. तेव्हा फावडी खाली ठेवून सगळ्यांनी दूर सरायचं आणि मिनिटभर निश्चल उभं राहायचं. आपण थांबलो, तरच खालचा श्वास वर पोहोचेल.