साहेब बदलले, कामगार तेच!

'कामगाराला कामाची गोडीच नाही,' असे बोल आपण नेहमी ऐकतो. दोष खरेच कामगाराचा असतो का? अमेरिकेतील एका कारखान्याची हकिकत आम्ही येथे देत आहोत.

कॅलिफोर्नियातील फ्रिमाँट येथे जनरल मोटर्सचा मोटार कारखाना होता. पाचांतला एक कामगार गैरहजर, रोजचे तंटे. १९८२ मध्ये टाळे लागले. १९८४ मध्ये जपानच्या टोयोटाने भागीदारीत तोच कारखाना चालू केला. बहुतेक कामगार जुनेच, युनियनही तीच. बदलली ती वरच्यांची वागणूक. साहेब आणि कामगार एकाच कँटीनमध्ये जेवू लागले. काम अडले तर दोरी ओढून लाईन थांबवण्याचा अधिकार कामगाराला मिळाला. दोरी ओढताच टीम लीडर धावत येई, तो दटावायला नव्हे, मदतीला! गैरहजेरी शेकडा दोन-तीनवर आली.

अभ्यासक बर्नार्ड बास यांनी १९८५ मध्ये परिवर्तनकारी नेतृत्वाचा विचार विस्ताराने मांडला. त्याचे सार हेच : स्वतः उदाहरण घालून द्या, उमेद वाढवा, विचार करू द्या, प्रत्येकाची विचारपूस करा. मग मनाला समाधान मिळते आणि काम आपलेसे वाटते.

मात्र चांगली वागणूक म्हणजे नोकरीची हमी नव्हे. तोही कारखाना २०१० मध्ये बंद पडला. म्हणून संघटना सोडू नका. आणि आपल्या घरातला कुणी मुकादम वा सुपरवायझर झाला असेल, तर त्याने हाताखालच्याला आधी माणूस म्हणून हाक मारावी, एवढेच आमचे सांगणे.