पाच आणि तीन ‘सारखे’ कसे?

एक्सेलच्या मॅक्रोत ‘इफ ५ ईक्यूव्ही ३’ अशी अट घाला. संगणक ती खरी धरतो आणि पुढचं काम बिनतक्रार करतो. ‘इफ ५ = ३’ लिहिलं, तर मात्र तीच अट खोटी ठरते.

ईक्यूव्ही हा ऑपरेटर संख्यांची तुलना बिटाबिटाने करतो. दोन्ही बिट सारखे तिथे १, वेगळे तिथे ०. पाच म्हणजे ०१०१, तीन म्हणजे ००११, उत्तर १००१. पण एक्सेल मॅक्रोच्या भाषेत, म्हणजे व्हीबीएमध्ये, साधा पूर्णांक सोळा बिटांचा असतो. डावीकडच्या बारा जागी दोघांकडेही शून्यच, म्हणजे तिथे बारा वेळा १. अगदी डावीकडे १ आला की संख्या ऋण, आणि हे उत्तर निघतं -७. इफला शून्य सोडून कोणतीही संख्या खरीच वाटते. पाचाच्या बाबतीत खोटं उत्तर मिळवायचं, तर समोर सगळे बिट उलटे असलेला -६ हवा!

ही रचना अडाणीपणाची नाही. या भाषेत ‘ट्रू’ म्हणजे -१, सोळाही बिट १. ‘फॉल्स’ म्हणजे ०. दोन्ही बाजूंना निखळ ट्रू-फॉल्स असतील, तर एकच ऑपरेटर तर्काचं आणि बिटांचं काम अचूक करतो. ही काटकसर मला फार देखणी वाटते.

घोळ होतो तो मधल्या संख्यांनी. ‘इनस्ट्र’ हे फंक्शन शब्द मजकुरात कितव्या जागी सापडला ते सांगतं, न सापडल्यास ०. ‘पुणे’ दोन्ही पत्त्यांत आहे किंवा दोन्हींत नाही, हे ईक्यूव्हीने तपासायला जावं, तर एकीकडे २ आणि दुसरीकडे ० येऊनही उत्तर -३, म्हणजे खरं. एका पत्त्यात पुणे नाही, तरी मॅक्रो दोन्ही पत्ते जुळल्याचं सांगतो, आणि एररही येत नाही.

मायक्रोसॉफ्टने २००२च्या व्हीबी डॉट नेट या भाषेतून ईक्यूव्ही काढला, ते योग्यच झालं. ट्रू-फॉल्ससाठी ‘=’ पुरतो; बिटांसाठी ‘एक्सऑर’ (बिट वेगळे तिथे १) करून त्याला बिट उलटे करणारा ‘नॉट’ लावता येतो. व्हीबीएमध्ये मात्र ईक्यूव्ही अजून आहे. जुन्या फाइलमध्ये तो दिसलाच, तर दोन्ही बाजूंना ‘सीबूल’ लावलंय का, तेवढं आधी पाहावं. सीबूल कुठल्याही संख्येचं ट्रू किंवा फॉल्स करून देतो.