विसराळू लोखंड

उन्हाळ्यात परतूर तालुक्यातल्या दुधनेच्या कोरड्या पात्रात उतरा आणि फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक वाळूतून फिरवा. त्याच्या कडांना लगेच काळे, बारीक कण चिकटतात. झटकले तरी सहजी सुटत नाहीत. यातले बरेचसे मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या एका ऑक्साइडचे असतात: लोखंडाचे तीन अणू, ऑक्सिजनचे चार, आणि आपल्याकडच्या दगडात सोबतीला थोडं टायटॅनियम. मराठवाड्याचा काळा पाषाण झिजला, त्याची काळी माती झाली, आणि त्यातले हे जड कण नदीच्या पाण्यानं निवडून बाजूला टाकले.

याच जातीच्या ऑक्साइडचे कण मेलॅनोमाचा, म्हणजे त्वचेच्या अत्यंत आक्रमक कर्करोगाचा, माग काढायला वापरून पाहिले गेले आहेत. मात्र प्रयोगशाळेत बनवलेल्या त्या कणांचा लोखंडी गाभा जेमतेम पाच ते वीस नॅनोमीटरचा असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतकं लहान झालं की या खनिजाचा स्वभावच पालटतो, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

आधी मोठ्या कणाचा स्वभाव पाहा. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होत होता, तेव्हा त्यातल्या मॅग्नेटाइटनं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची त्या वेळची दिशा धरून ठेवली. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या शास्त्रज्ञांनी १९५६ साली दख्खनच्या दगडांमधली ही दिशा मोजून प्रसिद्ध केली. ती आजच्या दिशेशी जुळत नव्हती. हा दगड गोठला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, असा त्याचा अर्थ निघत होता. खंड सरकतात हे मानायला बहुतेक भूशास्त्रज्ञ तेव्हा तयार नव्हते, आणि बांधावर पडलेल्या आपल्या काळ्या धोंड्यांनी त्यांच्यासमोर साक्ष दिली! इतकी पक्की असते या खनिजाची स्मृती.

आता तोच कण पंधरा नॅनोमीटरपर्यंत लहान करा. शरीराच्या साध्या उबेनंसुद्धा त्याची चुंबकीय दिशा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत उलटीपालटी होत राहते. चुंबक जवळ आणलं तर तो जोरात प्रतिसाद देतो, चुंबक दूर नेलं की सगळं विसरतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांनी या विसराळूपणाचं गणित मांडलं, आणि चुंबकत्वावरच्या कामासाठी १९७० साली त्यांना नोबेल मिळालं. डॉक्टरांना हवा असतो तो नेमका हा विसर. कण कायमचे चुंबक राहिले असते तर एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे झाले असते, आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या असत्या.

हे कण बनवायला फार मोठं यंत्र लागत नाही. लोखंडाचे दोन क्षार ठरावीक प्रमाणात पाण्यात विरघळवून त्यात अमोनिया ओतला की पिवळसर द्रावण डोळ्यांदेखत काळंभोर होतं. १९८१ साली रेने मासार्त यांनी याच मार्गानं स्थिर चुंबकीय द्रव तयार करून दाखवला. दुसरी एक रीत मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांच्या विशेष परिचयाची आहे. धातूंचे नायट्रेट आणि सायट्रिक आम्ल एकत्र तापवत ठेवायचं. पाणी आटत जातं, चिकट जेल उरतं, आणि मग ते एकदम आपोआप पेटतं. दिवाळीतल्या नागगोळीसारखी हलकी, फुगीर राख वर येत जाते, आणि ती राख म्हणजे फेराइटचे, म्हणजे मॅग्नेटाइटच्याच कुळातल्या ऑक्साइडचे, नॅनोकण. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात प्रा. के. एम. जाधव यांच्या गटानं अशा फेराइटवर दीर्घकाळ काम केलं. ओलिक आम्लाचा लेप दिलेले झिंक फेराइटचे कण किती उष्णता देतात (ती कशासाठी, ते पुढे येईल), याचा अभ्यास या गटानं २०२० साली प्रसिद्ध केला. मुंबईत आयआयटीमध्ये प्रा. धीरेंद्र बहादूर यांनी आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी कर्करोगाच्या उपचारासाठी हेच क्षेत्र धुंडाळलं आहे. हे काम आपल्या दाराशी चालतं, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो, याची मला खंत वाटते.

आता मेलॅनोमाकडे वळू. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी बिघडल्या की हा रोग होतो. गोऱ्या कातडीच्या लोकांत त्याचं नातं उन्हाशी असतं. आपल्या सावळ्या लोकांत तो खूपच कमी आढळतो, पण आढळतो तेव्हा बऱ्याचदा ऊन न लागणाऱ्या जागी: तळपायाला, तळहाताला, नखाखाली. गायक बॉब मार्ले यांना तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. १९८१ साली, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी ते गेले.

पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हे खेड्यातल्या कुठल्याही आजीला ठाऊक असतं. पायातला लसिकेचा, म्हणजे लिम्फ या पातळ द्रवाचा, प्रवाह वर जांघेतल्या गाठींकडे जातो म्हणून असं होतं. तळपायाचा मेलॅनोमा पसरू लागला की त्याच्या पेशीही बहुधा याच वाटेनं निघतात. त्या वाटेवर पहिली लागते ती पहारेकरी गाठ. तेवढी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तर रोग किती पुढे गेला आहे ते कळतं, आणि जांघेतल्या सगळ्या गाठी सरसकट काढून पाय जन्मभर सुजवून घेण्याची वेळ बहुतेकांवर येत नाही. अमेरिकेच्या डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ साली निळा रंग टोचून ही गाठ शोधण्याची पद्धत मांडली. पुढे त्याला किरणोत्सारी टेक्नेशियमची जोड मिळाली. अडचण अशी की टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं. ते ताजं लागतं, त्यासाठी अणुवैद्यकाचा विभाग लागतो, आणि असे विभाग मोठ्या शहरांतच असतात.

नॅनोकण उपयोगी पडतात ते इथे. साखरेच्या जातीच्या पदार्थाचा लेप दिलेला लोहकणांचा गडद तपकिरी द्रव रोगाच्या जागेभोवती टोचतात, थोडं चोळतात. कण लसिकेबरोबर वाहत जाऊन पहारेकरी गाठीत अडकतात. मग शल्यविशारद हातात मावणारा चुंबकीय शोधक कातडीवरून फिरवतो, आणि गाठ जवळ आली की यंत्रावरचा आकडा चढत जातो. त्या वेळी जखम उघडी धरायला प्लास्टिकची अवजारं घ्यावी लागतात, कारण स्टीलचा चिमटासुद्धा यंत्राला चकवतो. ब्रिटनमध्ये मेलॅमॅग नावाच्या चाचणीत मेलॅनोमाच्या सव्वाशेच्या वर रुग्णांवर दोन्ही पद्धती एकत्र वापरल्या गेल्या. जुन्या पद्धतीनं सुमारे ९८ टक्के रुग्णांत गाठ सापडली, चुंबकीय पद्धतीनं ९५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नवी पद्धत थोडी मागेच पडली. टोचल्या जागी तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहतो, आणि पुढे त्या भागाचा एमआरआय नीट दिसत नाही, हे तोटेही आहेत. तरीही किरणोत्साराशिवाय इतकं जमणं ही लहानसहान गोष्ट नाही. स्तनाच्या कर्करोगात अशा द्रवाला अमेरिकेत २०१८ साली मान्यताही मिळाली. परतूरसारख्या गावांच्या दृष्टीनं मला याच वापरात सर्वांत जास्त आशा दिसते.

दुसरा वापर उष्णतेचा. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतली इंडक्शन भट्टी पाहिलेल्यांना तो चटकन कळेल. तिथे तांब्याच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज खेळवतात आणि आतलं भंगार ज्योतीवाचून वितळतं. १९५७ साली शिकागोच्या गिलख्रिस्ट यांनी लसिकाग्रंथींत लोहकण सोडून बाहेरून असंच बदलतं चुंबकीय क्षेत्र लावलं, आणि ग्रंथी तापवून दाखवल्या. इथे कण वितळवायचे नसतात. त्यांची दिशा सेकंदाला लाखो वेळा उलटवायची, त्या ओढाताणीतून ऊब निघते, आणि ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास कर्कपेशी खचू लागतात. जपानमध्ये कोइची जिंबो यांच्या गटानं आणखी एक युक्ती केली. रंग तयार करण्यासाठी मेलॅनोमाची पेशी जे द्रव्य आत ओढते, त्याच्यासारखाच एक रेणू त्यांनी मॅग्नेटाइटला जोडला. पेशी आपल्याच रंगाच्या हव्यासानं लोखंड गिळते! उंदरांत याचे परिणाम उत्साहवर्धक आले. माणसांत मात्र मोजक्या रुग्णांपलीकडे काम गेलेलं नाही. युरोपात चुंबकीय उष्णतेच्या उपचाराला परवानगी मिळाली ती मेंदूच्या गाठीसाठी, मेलॅनोमासाठी नव्हे.

काम संपल्यावर या कणांचं काय होतं? शरीरात पोचलेले कण यकृत आणि प्लीहेतल्या पेशी गिळतात, हळूहळू विरघळवतात, आणि ते लोखंड रक्ताच्या कामी लावतात. आपल्या अंगात एरवीही तीन-चार ग्रॅम लोखंड असतंच. फेरुमॉक्सिटॉल हे लोह-ऑक्साइडच्या नॅनोकणांचं औषध तर अमेरिकेत २००९पासून रक्तक्षयावर दिलं जातं.

आज मेलॅनोमावर खात्रीचा इलाज म्हणजे तो लवकर ओळखून शस्त्रक्रियेनं पूर्ण काढणं. पसरलेल्या रोगावर प्रतिकारशक्ती जागवणारी नवी औषधं आहेत, पण ती महाग आहेत. म्हणून एवढं जरूर करा. आज अंघोळ झाल्यावर स्वतःचे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे तळपाय उजेडात पाहा. वाढत जाणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला, एकाहून अधिक रंगांचा काळा डाग दिसला, किंवा नखातली काळी रेघ रुंदावत शेजारच्या कातडीवर उतरलेली दिसली, तर कुरूप समजून तो डाग ब्लेडनं कापू नका, त्यावर चुना किंवा तेजाब लावू नका. ठेच लागून नखात साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकत निघून जातं. ही रेघ जात नाही. असा डाग किंवा अशी रेघ जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. गरज पडली तर परतूरहून रेल्वेनं जाता येईल अशा छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.