वाघोलीच्या मुलांचे वीस सेकंद

वाघोली 2021मध्ये पुणे महापालिकेत आली, तरी गावातून जाणाऱ्या नगर रस्त्यावरचा वेग महामार्गाचाच राहिला. शाळा एका बाजूला आणि पीएमपी बसचा थांबा दुसऱ्या बाजूला असेल, तर मुलाचा सगळ्यात अवघड प्रवास बसमधून उतरल्यावर सुरू होतो.

लहान मूल सेकंदाला साधारण एक मीटर चालतं. वीस मीटर रुंद रस्त्याला वीस सेकंद. तेवढ्यात ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी 330 मीटर पुढे येते. शिवाय ताशी तीसेक किलोमीटरपेक्षा वेगाने जवळ येणारं वाहन प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या नजरेला खात्रीने टिपता येत नाही, असं लंडनच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं. मग ‘नीट बघून जा’ एवढं सांगून कसं भागेल?

कोरड्या रस्त्यावर ताशी 30ने येणारी कार सुमारे 13 मीटरांत थांबते, 60ने येणारी 36 मीटरांत. भरलेल्या डंपरला त्याहून जास्त जागा लागते. म्हणून शाळेजवळ वेग आधी उतरवायला हवा. दुभाजकात उभं राहायला सुरक्षित जागा दिली, की एका वेळी दहाच सेकंद सांभाळावे लागतात. बसथांबा झेब्रा पट्ट्यांच्या पुढे हवा, म्हणजे मुलं बसच्या मागून ओलांडतील आणि चालकांना दिसतील.

याच रस्त्यावरून जाणाऱ्या रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी मेट्रोला केंद्राने जून 2025मध्ये मंजुरी दिली आहे. तिच्या खांबांच्या आराखड्यातच मुलांना ओलांडण्याच्या आणि थांबण्याच्या या जागा आखून घ्यायला हव्यात.