सर्व्हर रॅकमधील तापमान व हवेच्या प्रवाहाचे संनियंत्रण : बुलडाणा जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना :
प्रवेश, परीक्षा, वेतन, ग्रंथालय आणि मूल्यांकनाची कागदपत्रे ही महाविद्यालयाची महत्त्वाची माहिती आज सर्व्हरवर साठविली जाते. हा सर्व्हर पुष्कळदा एखाद्या लहान खोलीतील लोखंडी रॅकमध्ये असतो आणि भिंतीवरचे वातानुकूलन यंत्र हीच त्याच्या संरक्षणाची एकमेव व्यवस्था असते. खोली थंड वाटते म्हणून सर्व्हर सुरक्षित आहे, हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उष्णतेचे गणित :
सर्व्हरने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. ती उष्णता वाहून नेण्याचे काम हवा करते. रॅकमधून जाताना हवा १० अंश सेल्सिअसने तापते असे मानले, तर प्रत्येक १ किलोवॅट भारासाठी ताशी सुमारे ३०० घनमीटर हवा लागते. घाटावरील बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवा सहा ते सात टक्के विरळ असल्याने तितकाच अधिक प्रवाह आवश्यक ठरतो. घाटाखालील मलकापूर, नांदुरा, शेगाव या पूर्णा खोऱ्याच्या भागात हवा तुलनेने घन असली, तरी उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते व वातानुकूलन यंत्रावरील ताण वाढतो.

वीज खंडित झाल्यास धोका अधिक वाढतो. यूपीएसमुळे सर्व्हर चालू राहतात. वातानुकूलन यंत्र मात्र बहुधा यूपीएसवर नसते. तीन मीटर लांब, रुंद व उंच अशा बंद खोलीत ३ किलोवॅटचा भार असेल आणि केवळ हवाच तापते असे मानले, तर तापमान मिनिटाला पाच अंशांहून अधिक वेगाने चढेल. भिंती व यंत्रांचे धातू काही उष्णता शोषून घेत असल्याने प्रत्यक्षातील वाढ यापेक्षा मंद असते. तथापि हाती असलेला अवधी अल्पच असतो. म्हणजेच उपकरणे चालू ठेवण्यासाठी घेतलेली यूपीएसच, शीतकरणाच्या अभावी, त्यांना तापविण्यास कारणीभूत ठरते.

मापन कोठे करावे :
रिमोटवर दिसणारा आकडा हे आपण निश्चित केलेले तापमान असते. भिंतीवरील तापमापी खोलीतील एका ठिकाणची स्थिती दाखवितो. सर्व्हरच्या दृष्टीने महत्त्वाचे असते ते त्याच्या पुढील बाजूने आत शिरणाऱ्या हवेचे तापमान. ‘अॅश्रे’ या अभियंत्यांच्या संस्थेने २००४ मध्ये यासाठी २० ते २५ अंश ही शिफारस केली होती; २००८ मध्ये ती १८ ते २७ अंश अशी विस्तारण्यात आली. त्यामुळे खोली १६ अंशांवर ठेवण्याचा खर्च अनावश्यक आहे.

रॅकच्या पुढील बाजूस खाली, मध्ये व वर असे तीन संवेदक आणि मागील बाजूस किमान एक संवेदक बसवावा. मागील व पुढील तापमानांतील फरकावरून हवेच्या प्रवाहाचा अंदाज बांधता येतो. या नोंदींचा अर्थ पुढीलप्रमाणे लावावा :

१) पुढे खाली थंड, वर उष्ण : मागची तप्त हवा रिकाम्या कप्प्यांतून किंवा रॅकच्या माथ्यावरून पुढे परतत आहे. रिकामे कप्पे ब्लँकिंग पॅनेलने बंद करावेत.
२) पुढचे तापमान योग्य, परंतु फरक वाढलेला : प्रवाह घटला आहे अथवा भार वाढला आहे. पंखे, जाळ्या व केबलींची गुंतागुंत तपासावी. खामगावसारख्या कापसाच्या बाजारपेठेच्या परिसरात धूळ व तंतू जाळीत अडकण्याचा संभव ध्यानात घ्यावा.
३) पुढची तिन्ही तापमाने एकत्र चढणे : शीतकरण अपुरे आहे किंवा बंद पडले आहे.

इशारा व कृती :
केवळ नोंदी ठेवणे पुरेसे नाही. पुढचे तापमान २७ अंशांवर गेल्यास जबाबदार व्यक्तीस संदेश जावा आणि ३२ अंशांच्या सुमारास सर्व्हर क्रमाक्रमाने व सुरक्षितपणे आपोआप बंद व्हावेत. अनेक सर्व्हरमध्ये हवेच्या प्रवेशाचे तापमान मोजणारा संवेदक मुळातच असतो व एसएनएमपीद्वारे ते वाचता येते. त्यामुळे आरंभ विनाखर्च करता येतो. अवचित वीजखंड रात्री किंवा सुटीच्या दिवशी होतो, तेव्हा खोलीत कोणीही नसते. म्हणून ही व्यवस्था माणसाच्या उपस्थितीवर अवलंबून नसावी.

याचे महत्त्व मोठ्या संस्थांनाही अनुभवावे लागले आहे. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये पारा प्रथमच ४० अंशांवर गेला. त्या दिवशी लंडनमधील गाइज अँड सेंट थॉमस या रुग्णालय समूहाच्या दोन्ही डेटा केंद्रांतील यंत्रणा कोलमडल्या आणि डॉक्टरांना कागदी नोंदींवर काम करावे लागले. इंग्लंडने प्रथमच अनुभवलेले ते तापमान घाटाखालील तालुक्यांत दर उन्हाळ्यात असते.

निष्कर्ष :
खोलीचे तापमान आणि रॅकचे तापमान या भिन्न बाबी आहेत. चार संवेदक, रिकाम्या कप्प्यांवरील पॅनेल आणि सर्व्हर आपोआप बंद करण्याची योजना या तीन गोष्टी लहान महाविद्यालयाच्याही आवाक्यातील आहेत. नवे वातानुकूलन यंत्र घेण्यापूर्वी एप्रिल-मे महिन्यांत किमान दोन आठवड्यांच्या नोंदी घ्याव्यात. दोष शीतकरणाच्या क्षमतेत आहे की हवेच्या मार्गात, हे त्यावरून स्पष्ट होईल आणि खर्चाचा निर्णय पुराव्यावर आधारता येईल.