सुपारीएवढी गाठ

काविळीचे नाव निघाले, की आपल्या घरांत प्रथम शोध सुरू होतो तो माळ घालणाऱ्याचा. डोळे पिवळे झाले आहेत, पण पोट तर दुखत नाही. मग घाई कसली? वाचकहो, घाई इथेच हवी!

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची वीतभराहून थोडी आखूड ग्रंथी आडवी पहुडलेली असते. तिच्या डोक्याकडील भागातून पित्तनलिका जाते. तेथे कर्करोगाची गाठ झाली, तर ती लहान असतानाच नळी दाबते आणि कावीळ दिसते. शेपटाकडील गाठ मात्र मुकाट्याने वाढत राहते.

न्यूयॉर्कचे शल्यविशारद अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ साली मांडलेली शस्त्रक्रिया सुधारलेल्या रूपात आजही केली जाते. काढलेली गाठ मोजतात. २ सेंटिमीटरपर्यंत पहिली पायरी, ४ पर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी. सुपारी आणि लिंबू यांतलाच हा फरक! लहान गाठीचे रोगी सरासरीने अधिक जगतात. पण आकार हेच सर्वस्व नव्हे. रोग लसिकाग्रंथींत पोचला काय, कापलेल्या कडेवर उरला काय, हेही पाहावे लागते. शस्त्रक्रियेनंतरची औषधयोजनाही आयुष्य वाढवते.

दुर्दैव असे, की निदान होते तेव्हा पाचांपैकी जेमतेम एकाचीच गाठ काढण्याजोगी असते.

प्रत्येक कावीळ म्हणजे कर्करोग नव्हे. पण ते ठरवायचे डॉक्टरांनी, माळेने नव्हे. आरशात डोळे पिवळे दिसले, तर दिवाळी उरकण्याचीही वाट पाहू नका.